लक्षद्वीपची मासेमारी : दुबळेपण कोणत्या मापाने मोजणार?

मिनिकॉय बेटावरील मच्छीमाराचा दिवस ट्यूनाच्या शोधाने सुरू होत नाही. तो सुरू होतो बोटभर लांबीच्या, चंदेरी, चिमुकल्या मासळीच्या शोधाने. प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या उथळ आणि शांत पाण्यात, म्हणजेच लगूनमध्ये, ही मासळी बारीक विणीच्या जाळ्याने अलगद धरायची, पाणी खेळते राहील अशा नौकेतील टाकीत ती जिवंत ठेवायची आणि मग खुल्या समुद्राची वाट धरायची. ट्यूनाचा थवा दिसला की ही जिवंत मासळी आमिष म्हणून पाण्यावर फेकायची, तुषार उडवून पाणी खळबळवायचे आणि भक्ष्यासाठी उसळलेला ट्यूना लांब काठीला बांधलेल्या, उलटा दाता नसलेल्या गळाने एकेक करून नौकेवर ओढून घ्यायचा, अशी ही पद्धत. शतकानुशतके चालत आलेल्या या मासेमारीत समुद्राचा तळ खरवडला जात नाही, नको असलेले जीव जाळ्यात सापडून फुकट मरत नाहीत आणि आजच्या गरजेपुरतेच समुद्रातून घेतले जाते. परंतु तिचे एक मर्मस्थान आहे. ज्या दिवशी लगूनमध्ये आमिष मिळत नाही त्या दिवशी बाहेर ट्यूनाचे थवे कितीही असोत, नौका किनाऱ्यालाच बांधलेली राहते.

एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी लक्षद्वीपच्या मासेमारीविषयी आज जे बोलले जात आहे त्यातील मोठी उणीव लक्षात येते. ३६ बेटांच्या या केंद्रशासित प्रदेशात मनुष्यवस्तीची बेटे १० आहेत. सर्व बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. या मूठभर जमिनीभोवती लगूनचे सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर पाणी आहे आणि तिच्यामुळे देशाला लाभलेले विशेष आर्थिक सागरी क्षेत्र जवळपास ४ लाख चौरस किलोमीटरचे आहे. नियोजनकारांची दृष्टी स्वाभाविकपणे या शेवटच्या आकड्यावर खिळते. १ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत मांडलेल्या अर्थसंकल्पात विशेष आर्थिक क्षेत्रातील आणि खुल्या समुद्रातील मासेमारीसाठी नवी चौकट उभारण्याची घोषणा झाली व त्यात अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप या बेटांवर खास भर देण्याचे सांगण्यात आले. घोषणा ऐकून आनंद वाटावा अशीच आहे. तथापि, समुद्रातून आणखी किती काढता येईल हा हिशेब मांडण्यापूर्वी आज त्याच समुद्रावर पोट भरणारा माणूस कोणत्या धाग्याला लटकून आहे, हा हिशेब मांडला गेला आहे काय?

भेद्यतेचे तीन घटक

हा हिशेब मांडण्याचे एक शास्त्र गेल्या काही दशकांत तयार झाले आहे. शास्त्रज्ञ त्याला भेद्यतेचे मूल्यमापन म्हणतात. शब्द अवजड असला तरी कल्पना साधी आहे. एकाच गावात, एकाच वादळात दोन घरे सापडतात. एक उघड्या माळावर असते, दुसरे झाडीच्या आडोशाला. एकाचे छप्पर गवताचे, दुसऱ्याचे कौलारू. एका घरात संकटकाळासाठी चार पैसे आणि मदतीला धावणारे भाऊबंद असतात, दुसऱ्यात काहीच नसते. वादळ एकच, परंतु दोन्ही घरांची गत एक नसते. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी मंडळाने २००१ च्या अहवालात याच धर्तीवर भेद्यतेचे तीन घटक मांडले : संकटाचा मारा किती, त्या माऱ्याने दुखावले जाण्याचा स्वभाव किती आणि त्यातून सावरण्याची क्षमता किती. २०१४ च्या अहवालात या मांडणीची फेररचना झाली. पण तीन प्रश्नांचे महत्त्व कमी झाले नाही.

मासेमारीला हे माप लावण्याचा एक मोठा प्रयत्न २००९ साली झाला. जगातील १३२ देशांची अर्थव्यवस्था हवामानबदलामुळे मासेमारीच्या बाजूने किती भेद्य आहे, याची क्रमवारी एका अभ्यासगटाने लावली. त्या अभ्यासाची मर्यादा मात्र बोलकी आहे. पुरेशी आकडेवारी उपलब्ध नसल्यामुळे अनेक लहान बेटराष्ट्रे त्या यादीत येऊच शकली नाहीत. ज्यांना समुद्राचा तडाखा सर्वांत आधी बसायचा, तेच मोजणीच्या बाहेर राहिले! लक्षद्वीप तर राष्ट्रही नाही. तो एका विशाल देशाचा चिमुकला तुकडा आहे. देशाची सरासरी काढली की सहा-साडेसहा दशसहस्र माणसे तिच्यात विरघळून जातात, आणि त्यांची निराळी मोजदाद करण्याची गरज कोणास वाटत नाही. म्हणूनच हे मूल्यमापन देशाच्या पातळीवर नव्हे तर बेटाच्या पातळीवर व्हावयास हवे.

सरासरीचा फसवा दिलासा

पहिला घटक संकटाच्या माऱ्याचा. ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही हात उंच आहेत. बंगारमच्या कंकणद्वीपातील परळी-१ हे निर्मनुष्य बेट झिजत झिजत पाण्याखाली गेल्याचे एका संशोधनातून २०१७ मध्ये उघडकीस आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळाने मिनिकॉय आणि कल्पेनीसारख्या बेटांना झोडपले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच परिसरात बळावून पुढे कोकण आणि गुजरातवर गेले. वादळे दिसतात, त्यांच्या बातम्या होतात. परंतु पाण्याची ऊब वाढते तेव्हा तिची बातमी होत नाही. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी तापलेल्या पाण्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरेफटक पडले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या समुद्री उष्णतेच्या लाटेने २०२४ मध्ये पुन्हा तेच घडविले. म्हैसूर येथील एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांच्या प्रवाळांवर १९९८ पासून सातत्याने नजर ठेवली आहे. २०२२ पर्यंतच्या २४ वर्षांत जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दोन तडाख्यांमधील अंतर कमी होत गेले की प्रवाळाला पुन्हा वाढण्यास उसंतच मिळत नाही.

दुसरा घटक दुखावले जाण्याचा. येथे सरासरीने दिलेला दिलासा सर्वांत फसवा ठरतो. लक्षद्वीपच्या पकडीत मोठा वाटा स्किपजॅक जातीच्या ट्यूनाचा असतो. हा मासा झपाट्याने वाढतो, विपुल प्रजा घालतो आणि साऱ्या हिंदी महासागरात संचार करतो. महासागरातील त्याचा साठा अद्याप धोक्याच्या रेषेखाली गेलेला नाही. तेव्हा एखाद्या कार्यालयात बसून तक्ता भरणारा अधिकारी 'मुख्य मासळीचा साठा : समाधानकारक' असे लिहून मोकळा होऊ शकेल. त्याची नोंद खोटी ठरणार नाही, परंतु तिच्यातून निघणारा अर्थ मात्र चुकीचा असेल. कारण मच्छीमाराचे पोट ट्यूनावर अवलंबून आहे, ट्यूनाची पकड जिवंत आमिषावर, आमिषाच्या बहुतेक जाती लगूनवर आणि प्रवाळाच्या आसऱ्यावर, आणि प्रवाळ पाण्याच्या तापमानावर. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते. आणि ही कडी 'ट्यूनाची पकड, इतके टन' या रकान्यात दिसत नाही.

शिवाय महासागरातील साठ्याची समाधानकारक अवस्थाही कायमची मानण्याचे कारण नाही. हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २०१८ ते २०२० या वर्षांसाठी स्किपजॅकच्या वार्षिक पकडीची सुमारे ४ लाख ७० हजार टनांची मर्यादा ठरविली होती. प्रत्यक्षात पकड त्या मर्यादेच्या पुष्कळ वर गेली. हा अतिरेक काठी आणि गळ घेऊन उभ्या राहणाऱ्या मिनिकॉयच्या मच्छीमाराने केलेला नाही. तरंगते सापळे टाकून थवेच्या थवे एका फेऱ्यात उचलणाऱ्या दूरदेशीच्या मोठ्या जहाजांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु मासा कमी झाला तर मोठे जहाज दुसऱ्या समुद्रात जाऊ शकते. लहान नौकेला दुसरा समुद्र नसतो.

आगत्तीचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हिरव्या कासवांची शिकार थांबली, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. पुढे आगत्तीच्या लगूनमध्ये कासवांची गर्दी इतकी वाढली की त्यांनी तेथील सागरी गवताची कुरणे फस्त केली. त्या गवतात वाढणारी मासळी घटली आणि रोजच्या कालवणासाठी लगूनवर विसंबणाऱ्या घरांनी कासवांना दोष देण्यास सुरुवात केली. संशोधकांनी तपास केला तेव्हा मच्छीमारांची तक्रार निराधार नसल्याचे दिसून आले. कासव वाचावे आणि मच्छीमारही वाचावा यासाठी दोघांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आणि या वहीत आणखी एक नाव सहसा येत नाही, ते स्त्रियांचे. ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या उघड्या पडलेल्या पठारावर जाऊन शिंपले, कालवे, माकूल वेचणाऱ्या आणि लगूनच्या काठाशी लहान मासळी धरणाऱ्या स्त्रिया नौकेच्या नोंदवहीत नसतात. त्यांनी आणलेले बाजारात जात नाही, घरच्या चुलीवर जाते. म्हणून ते उत्पन्न ठरत नाही आणि ते नष्ट झाले तर ती हानीही ठरत नाही. पावसाळ्यात नौका बंद असताना घराला आधार असतो तो याच न मोजलेल्या अन्नाचा.

सावरण्याची क्षमता म्हणजे काय?

तिसरा घटक सावरण्याच्या क्षमतेचा. सरकारी विचारात या क्षमतेचा अर्थ बहुधा अधिक शक्तीचे इंजिन, अधिक मोठी नौका, बर्फाचा कारखाना आणि कर्ज असा घेतला जातो. या गोष्टींचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. १९६० च्या दशकात यांत्रिक नौका आल्या आणि मिनिकॉयची ही कला खात्याच्या प्रयत्नाने इतर बेटांवरही रुजली. १९६९ मध्ये मिनिकॉयला ट्यूना डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. परंतु त्याच्याही आधीपासून या बेटांची खरी विमापॉलिसी होती ती 'मास' ही. ट्यूना उकडून, धुरावर शेकून आणि उन्हात वाळवून केलेला हा टणक तुकडा महिनोन्‌महिने टिकतो. मालवाहू जहाज वेळेवर आले नाही, बर्फ मिळाला नाही, तरी मासळी वाया जात नाही. मात्र या मालाची बाजारपेठ दूरची, पुष्कळशी श्रीलंकेवर विसंबलेली आणि मोजक्या व्यापाऱ्यांच्या हातची. तेथे मागणी घसरली की बेटावरील घराघरांत मासाच्या थप्प्या पडून राहतात. म्हणजे समुद्राने भरभरून देऊनही मच्छीमार उपाशी राहू शकतो. भेद्यता केवळ हवेतून आणि पाण्यातून येत नाही. ती बाजारातूनही येते.

सावरण्याचा एक मार्ग असाही असतो की जो आज तारतो आणि उद्या बुडवितो. ट्यूनाचा भाव पडला, आमिष आटले की काही नौका प्रवाळाजवळच्या हेकरूसारख्या मोठ्या मासळीकडे वळतात. मुख्य भूमीवर आणि हॉटेलांत या मासळीला चांगला भाव मिळतो. परंतु हेकरूची वाढ संथ असते आणि प्रजननासाठी ती ठरावीक जागी, ठरावीक दिवसांत जमते. त्या जागेचा पत्ता लागला की थोड्या दिवसांत पुष्कळ पकड हाती येते, आणि पुढील वर्षी तेथे येणारे उरत नाही. तापलेल्या पाण्याने आधीच खचलेल्या प्रवाळावर हा दुसरा घाव होय. कागदावर मात्र याची नोंद 'उत्पन्नाचे नवे साधन उपलब्ध' अशीच होईल.

सावरण्याची सर्वांत मोठी क्षमता तक्त्यात न मावणारी आहे. ती म्हणजे आपल्या पाण्याविषयी एकत्र बसून निर्णय घेण्याची शक्ती. मिनिकॉयमध्ये गावनिहाय संस्था आहेत, त्यांचे मूपन म्हणजे प्रमुख आहेत आणि सामाईक कामे वाटून करण्याची परंपरा आहे. आमिषाची मासळी कोणी, कोठे व कशी धरावी, याचे संकेत या व्यवस्थेत सांभाळले जातात. ज्या बेटावर ही घडी मजबूत आहे त्या बेटाला एखादे वाईट वर्ष निभावून नेता येते. ज्या बेटावर ती नाही किंवा मोडली आहे, तेथे प्रत्येक नौका दुसऱ्या नौकेची स्पर्धक बनते. २०२१ मध्ये किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या शेड पाडल्यावरून उठलेला वाद या दृष्टीने पाहावा. जाळी आणि नौका ठेवण्याची ती आडोशाची जागा म्हणजे केवळ बांधकाम नव्हते. समुद्राकाठी आपला हक्क आहे, या भावनेचे ते ठिकाण होते. किनाऱ्यावर उद्या आपल्याला जागा राहील की नाही, याचीच खात्री नसलेला माणूस परवाच्या पाण्याची काळजी कशी वाहील?

कोकण किनाऱ्याची साक्ष

महाराष्ट्राला आणि गोव्याला हा प्रश्न परका नाही. १९७० च्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा मासळीचे एकूण उत्पादन वाढेल, असेच सांगितले गेले. परंतु किनाऱ्यालगतची मासळी ट्रॉलरांनी उचलली आणि शेकडो हात मिळून ओढायची रापण रिकामी येऊ लागली. रापणकारांना रस्त्यावर यावे लागले, समुद्रात संघर्ष झाले, आणि त्यानंतर १९८० मध्ये गोव्यात व १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन कायदे झाले. कायदा झाला तो नुकसान होऊन गेल्यावर. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बेटाभोवतीचे प्रवाळ आणि जीवसृष्टी वाचविण्याचा हेतू चांगलाच होता. परंतु ज्यांच्या दारात ते व्हायचे त्या मच्छीमारांना विश्वासात न घेतल्यामुळे विरोध धुमसत राहिला आणि संरक्षणही नीट झाले नाही. उत्पादन वाढविण्याची घाई असो वा निसर्ग वाचविण्याची तळमळ, लहान मच्छीमाराला वगळून आखलेली योजना दोन्ही बाजूंनी फसते, ही कोकण किनाऱ्याची साक्ष आहे.

मग विकास नको काय?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. चार लाख चौरस किलोमीटर समुद्र काठी आणि गळाच्या भरवशावर सोडावा काय? आपण नाही पकडले तर मासा सरहद्द ओलांडून जाईल आणि परक्यांची जहाजे तो पकडतील. बेटांवरील तरुणांनाही चांगले उत्पन्न हवे आहे. त्यांना वाडवडिलांच्या पद्धतीचे पहारेकरी करून ठेवण्याचा हक्क कोणाला आहे?

आक्षेपातील शेवटचा भाग तर अगदी खरा आहे. परंतु त्याचे उत्तर दक्षिणेला, शेजारच्या मालदीवमध्येच मिळते. मिनिकॉयची भाषा, नौका आणि मासेमारी यांचे नाते मालदीवशी आहे. त्या देशाने ट्यूनासाठी मोठ्या जाळ्यांना थारा न देता काठी-गळाचीच मासेमारी राष्ट्रीय पातळीवर जोपासली, नौका सुधारल्या, शीतगृहे आणि कारखाने उभारले. २०१२ मध्ये त्याच्या काठी-गळाने पकडलेल्या स्किपजॅकला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि युरोपच्या बाजारात 'एकेक करून पकडलेला मासा' ही त्याची ओळखच किमतीची ठरली. मालदीवपुढेही आमिषाची टंचाई आणि तापलेले प्रवाळ हे प्रश्न आहेतच. तरीही जुनी पद्धत म्हणजे मागासलेपण नव्हे, तिला योग्य बाजार आणि संरक्षण मिळाले तर तीच भांडवल ठरते, हे तेथे सिद्ध झाले. विकास हवा की नको, असा वाद येथे नाहीच. प्रश्न आहे तो क्रमाचा : आधी मोजणी की आधी परवाने?

म्हणूनच लक्षद्वीपच्या समुद्रासाठी कोणतीही नवी चौकट अमलात आणताना काही गोष्टी प्रथम व्हावयास हव्यात. भेद्यतेची मोजणी बेटनिहाय व्हावी. कारण मिनिकॉय आणि आगत्ती यांची दुखणी एक नाहीत. तिच्यात ट्यूनाच्या टनांबरोबर आमिष न मिळाल्यामुळे किनाऱ्याला राहिलेल्या दिवसांची नोंद असावी. ओहोटीच्या वेळी वेचलेल्या अन्नाची आणि ते वेचणाऱ्या स्त्रियांची दखल असावी. मासाचा भाव कोणाच्या हाती आहे, हेही त्यात यावे. मोजणी करणाऱ्यांत मच्छीमार स्वतः असावेत. काही बेटांवर पकडीच्या नोंदी मच्छीमारांनीच ठेवण्याचा उपक्रम एका संस्थेच्या साहाय्याने चालला आहे, तेव्हा हे अशक्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. आर. व्ही. रवींद्रन समितीनेही प्रत्येक बेटाचा स्वतंत्र विचार करून विकासाच्या मर्यादा सुचविल्या होत्या. त्या सूचनांचे स्मरण ठेवणे अवघड नसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजणीचा निष्कर्ष बंधनकारक असावा. मिनिकॉय, कदमत, सुहेली येथील लगूनमध्ये पर्यटकांसाठी पाण्यावरची निवासस्थाने उभारण्याच्या योजना आहेत. ज्या लगूनमधून पहाटे आमिष उचलले जाते त्याच लगूनमध्ये खांब रोवायचे असतील, तर त्या खांबांचा हिशेब मासेमारीच्या वहीतही लिहिला गेला पाहिजे.

हे सारे खर्चाचे आणि वेळखाऊ आहे, असे म्हटले जाईल. पण त्याचा खर्च एका मोठ्या जहाजाच्या किमतीपुढे फारसा नाही, आणि रापणकारांना जी किंमत मोजावी लागली तिच्यापुढे तर काहीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ हे वर्ष लहान मच्छीमारांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. गौरवाचे शब्द पुष्कळ उच्चारले गेले. मिनिकॉयच्या मच्छीमाराला गौरवाची फारशी गरज नाही. त्याला सकाळी लगूनमध्ये जाळे टाकल्यावर बोटभर लांबीची ती चंदेरी मासळी मिळावयास हवी. ती मिळेल की नाही, हा प्रश्न ज्या मूल्यमापनात विचारलाच जात नाही, ते कितीही शास्त्रीय दिसले तरी त्याच्या उपयोगाचे नाही.